कर्णिक मॅडमचा सर्वांवर सारखा संशय

२००६ सालच्या नोव्हेंबरातला एक सोमवार, सकाळचे सव्वादहा. भाईंदर पश्चिमेच्या एका गाळ्यात मी शिडीवर उभा राहून वायरींना नंबरांच्या चिठ्ठ्या लावत होतो. खालून आवाज आला, "या नंबरांवर विश्वास ठेवायचा का?"

"दोनदा तपासलेत, मॅडम."

"कोणी?"

"मीच."

"म्हणजे एकदाच," असे म्हणून त्या आत गेल्या. यंदा साठी पूर्ण करणाऱ्या श्रीमती सुनंदा कर्णिक यांची आणि माझी ही पहिली ओळख.

आमची कंपनी रुग्णालयांतले स्कॅन साठवून डॉक्टरांच्या पडद्यावर पोचवते. मॅडम तांत्रिक प्रमुख. मी बारावीनंतर शिक्षण सुटलेला, तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेला. स्कॅन लवकर पोचावेत म्हणून महागडे नवे नेटवर्क आणले होते. त्यात एक संगणक दुसऱ्याच्या मेमरीतून माहिती थेट उचलतो. त्यासाठी त्या दुसऱ्याच्या प्रोसेसरला हातातले काम थांबवावे लागत नाही. विक्रेत्याच्या डेमोत वेग डोळे दिपवणारा होता. आमचा प्रोग्रॅम मात्र त्यावर पूर्वीपेक्षाही हळू चालू लागला.

मालक जिग्नेशभाई म्हणाले, "मॅडम, वायर उस लड़के ने डाली है. आज ही छुट्टी कर देते हैं."

"संशय मलाही आहे," मॅडम म्हणाल्या. "पण एकट्या त्याच्यावरच कशाला?"

त्यांनी आधी माझी एकेक वायर माझ्यासमोर तपासली. मग विक्रेत्याच्या नव्या वायरी लावायला सांगितल्या. वेग तेवढाच. मग विक्रेत्याला बोलावून घेतले. "डेमो पुन्हा चालवा. पण दर वेळी मेमरीचा नवा तुकडा घ्या."

"मॅडम, डेमो ऐसे नहीं चलता."

"म्हणूनच सांगतेय."

डेमोचाही वेग मंदावला. मेमरीचा तुकडा दुसऱ्या संगणकासाठी उघडायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते, आणि तिला वेळ जातो. डेमोत एकदाच परवानगी घेऊन तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाठवत होते. आमचा प्रोग्रॅम मात्र रुग्णाच्या नावासारख्या चिमुकल्या नोंदीसाठीही दर वेळी नवी परवानगी मागत होता.

मॅडमनी मला समजावले, "सोसायटीत छोटं पार्सल वॉचमनकडे ठेवतात. कपाट आलं तर सेक्रेटरीला विचारून थेट घरात नेतात. आपण लिफाफ्यासाठीही सेक्रेटरीला उठवतोय."

तेव्हापासून छोट्या नोंदी आधीच उघडून ठेवलेल्या जागेतून जातात, मोठे स्कॅन थेट मेमरीतून. छोटे कुठे संपते आणि मोठे कुठे सुरू होते, यासाठी नव्या नेटवर्क कार्डाच्या पुस्तिकेत एक आकडा दिला होता. मॅडमनी त्यावरही विश्वास ठेवला नाही. आमच्याच स्कॅनवर मोजून वेगळा ठरवला.

"अब लड़के का क्या करना है?" जिग्नेशभाईंनी विचारले.

"तीन महिने ठरलेत ना? तेवढे बघू," मॅडम म्हणाल्या. ते तीन महिने केव्हाच संपले. पगार कायम माणसाचा मिळतो, पण कायम केल्याचे मॅडम अजून म्हणालेल्या नाहीत.

त्यांचा हा संशय ऑफिसपुरता नाही. माझ्या वडिलांच्या रक्ताचा अहवाल चांगला आला, तेव्हा मॅडमनी स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासायला लावले. तोही चांगलाच आला. मग त्यांनी फोन केला, "आता निवांत झोपायला सांग त्यांना."

मला पुष्कळांनी न तपासताच नाकारले आहे, काहींनी न तपासताच चांगला म्हटले आहे. मॅडमनी तपासले, आणि मग कामावर ठेवले. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि माझे काम पुढेही त्यांच्या नजरेखालून जात राहो.