यासीनभाईंची दहावी

जुबेदाभाबींचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, अल मजाजच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. शनिवार होता, खाली खालिद लगूनच्या कडेने मुलं सायकली चालवत होती. "ताई, हे गेले हो. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत," एवढं बोलून त्या थांबल्या. मागे बायकांचे आवाज येत होते. मी काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. फोन ठेवल्यावर हातातला ओला शर्ट तसाच धरून उभी राहिले आणि मनात पहिला विचार आला तो असा : आता या माणसाची माफी मागायची राहिली ती राहिलीच. यासीनभाई माझे नातेवाईक नव्हते. उम्म अल कुवैनला समुद्राचं पाणी गोडं करणारा एक प्रकल्प आहे, तिथे ते तीसहून अधिक वर्षं पंप सांभाळत होते. त्यांना जे येत होतं ते लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं. ते मी मन लावून केलं, आणि लिहून झाल्यावर कंपनीने त्यांना घरी पाठवलं. याहून सोप्या शब्दांत मला हे सांगता येत नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा स्वागतकक्षात भलामोठा फलक होता, ज्ञानावर उभ्या राहणाऱ्या अर्थव्यवस्थेचा. मी त्याची टिंगल करणार नाही. ज्या देशात एकही नदी नाही, त्याने समुद्र पिण्याजोगा करून दाखवला आहे. उद्या तेल संपलं तर काय, हा विचार छोट्या देशाने आजच करायला हवा, आणि तो इथे खरोखर होतो. आमच्या कंपनीनेही ठरवलं की जुन्या लोकांच्या डोक्यातलं सगळं संगणकात आणायचं. माझ्या हाती 'ज्ञानधारकां'ची यादी आली. त्यात यासीनभाईंचं नाव नव्हतं! दोन आठवडे मी पदवीधर इंजिनिअरांना प्रश्न विचारत फिरले आणि प्रत्येक जण शेवटी म्हणायचा, "वो तो यासीन को पूछना पडेगा." नाव शोधलं तर ते कँटीनच्या यादीत सापडलं. रत्नागिरीच्या एजंटाकडे त्या काळी स्वयंपाक्याचाच व्हिसा शिल्लक होता. त्यावर ते आले, आणि कागदावर जन्मभर स्वयंपाकी राहिले. त्यांना धड अंडंही उकडता येत नसे. देरा नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या जुन्या खोलीवरची माणसं त्यांना 'शेफ' म्हणून हाक मारायची, आणि ते हसून ओ द्यायचे.

पहिल्या दिवशी मी माझा तक्ता उघडून बसले. बिघाड काय, लक्षण काय, उपाय काय. ते म्हणाले, "मॅडम, असं बसून नाय सांगता येणार. चला, यल्ला." आणि मला समुद्राच्या तोंडाशी घेऊन गेले, जिथून पाणी आत ओढलं जातं. त्यांचा बाप मासेमारी करायचा, त्यामुळे पाण्याचा रंग त्यांना दिसायचा, मला नुसतं पाणी दिसायचं. "हे बघा, इथे तेलकट वाटतंय ना? वारा पडलाय. उद्या जेलीफिश येणार. जाळीला चिकटली की खलास." मी विचारलं, सेन्सर सांगत नाही का? "सांगतो ना. पण चिकटल्यावर." दुसऱ्या दिवशी सकाळी जेलीफिशची रास आली. जाळ्या त्यांनी आदल्या दिवशीच बदलून ठेवल्या होत्या, म्हणून प्रकल्प एक तासही थांबला नाही. मी ते सगळं टप्प्याटप्प्याने लिहिलं. मला फार आनंद झाला होता. आपण मोलाचं काम करतोय असं वाटत होतं... आणि करतही होते, हीच तर पंचाईत आहे.

पुढच्या वर्षभरात ते मॅडमवरून ताईवर आले. जुबेदाभाबी वर्षातून एकदा येत, तेव्हा त्यांच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण आमच्या घरी यायचं. माझी मुलगी ईरा त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची आणि ते मराठीत उत्तर द्यायचे, दोघांचं छान चालायचं. मध्येच एक दिवस पत्रक निघालं. यापुढे प्रकल्पात फक्त 'कुशल' पदं राहतील, आणि कुशल ठरायला निदान दहावीचं प्रमाणपत्र हवं, तेही साक्षांकित. यासीनभाई नववीत शाळा सोडून बोटीवर गेलेले. मी साहेबांकडे गेले. ते भले गृहस्थ, पण म्हणाले, "सिस्टीम में कुक लिखा है. कुक को पंप पे कैसे रखूँ?" बत्तीस वर्षं ठेवलात तसा, असं ओठांवर आलं होतं. 

मग मीच सुचवलं, सतरा नंबरचा फॉर्म भरू. बाहेरून दहावी. त्यांनी आधी मला वेड्यात काढलं. "ताई, माझा नातू पुढल्या वर्षी शाळेत जाईल आणि मी दहावीला?" पण चार दिवसांनी स्वतःच गावच्या शाळेत फोन करून आले. हिशेब साधा होता. परीक्षा मार्चमध्ये. तोवर माझं लिखाणाचं काम चालू राहिलं तर तेही कामावर राहतील, रजा टाकून परीक्षा देतील, पास झाले की कागद साक्षांकित करून पद बदलून घेता येईल. स्वयंपाक्याचे तंत्रज्ञ होतील. जेवणाच्या सुट्टीत पंपहाऊसमागच्या खोलीत आमचा अभ्यास चाले. विज्ञानात त्यांना काही शिकवावं लागलं नाही, दाब आणि प्रवाह यांवर तेच मला शिकवायचे. भूमितीने मात्र त्यांचा जीव काढला. मरियम नावाची तरुण अमिराती इंजिनिअर त्यांच्या हाताखाली शिकत होती, ती त्यांना उस्ताद म्हणे. प्रमेयं तीच समजावून द्यायची, अरबी आणि हिंदीची भेळ करून. "इन्शाल्ला पास," असं म्हणून ते वही मिटायचे.

डिसेंबरात साहेबांनी मला बोलावलं. वरून विचारणा झाली होती, काम पूर्ण झालं का. एक कागद समोर होता, त्यावर 'पूर्ण' किंवा 'अपूर्ण' अशी खूण करून सही करायची. अपूर्ण म्हटलं असतं तर एप्रिलपर्यंत मुदत मिळाली असती. आणि ते खोटंही नव्हतं, त्या माणसाच्या डोक्यातलं निम्मंसुद्धा मी लिहिलेलं नव्हतं. पण त्याच टेबलावर माझ्या कराराच्या नूतनीकरणाचा कागद होता, आणि साहेबांनी दोन्ही एकाच फायलीत ठेवले होते. माझ्या नवऱ्याची नोकरी ऑक्टोबरात गेली होती. आमच्या तिघांचाही व्हिसा माझ्या नोकरीवर होता. घरी ईरा रोज विचारत होती, "ममा, आर वी गोइंग बॅक?" मी एक दिवस मागून घेतला आणि यासीनभाईंकडे गेले. खरं तर त्यांनी नाही म्हणावं म्हणून नव्हे, हो म्हणावं म्हणूनच गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, हातातल्या फडक्याने पाना पुसत राहिले. "करा सही ताई. पोरीची शाळा आहे. माझं काय, परीक्षा गावी जाऊनपण देता येते." मी सही केली. जानेवारीत त्यांना नोकरी संपल्याचं पत्र मिळालं. त्यांना विमानतळावर सोडायला गेले तेव्हा तेच मला धीर देत होते, याचा मला आजही राग येतो.

मार्चमध्ये त्यांनी गावच्या शाळेत, सोळा वर्षांच्या मुलांमध्ये बसून परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर गुणपत्रिकेचा फोटो आला. सगळ्या विषयांत पास, भूमितीवाल्या गणितातसुद्धा! मी ऑफिसात ओरडलेच. मरियमने सगळ्यांना खजूर वाटले. आता दुसऱ्या कंपनीत तंत्रज्ञ म्हणून अर्ज करायचा, मी नावंही काढून ठेवली होती. मग फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. कागदावर उजेडाचा पट्टा चमकत होता. त्यांनी गुणपत्रिका लॅमिनेट केली होती... आखातात राहिलेल्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. साक्षांकनाचे शिक्के कागदाच्या पाठीवर मारतात. प्लास्टिकमध्ये गेलेला कागद कुठलंच कार्यालय हातात घेत नाही. गावाकडून येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिला सल्ला हाच मिळतो, आणि तो सर्वांत जास्त वेळा यासीनभाईंनीच दिलेला होता. चुकून केलं असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. अभिनंदन लिहिलं, वर फुलं पाठवली. विचारलं नाही.

ते वारल्यानंतर पाच आठवड्यांनी रजा मिळाली, तेव्हा माहेरी साताऱ्याला न थांबता आधी त्यांच्या गावी गेले. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. भाबी म्हणाल्या, आल्यापासून ते रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन उभे राहायचे, उद्या पाणी कसं असेल ते परतल्यावर सांगायचे, आणि ते तसंच असायचं. भाबींशिवाय ऐकायला कुणी नव्हतं. बोटीवाल्या पोरांना वारा-पाणी मोबाइलवर कळतं. मी धीर करून लॅमिनेशनचं विचारलं. "मी म्हटलं होतं त्यांना, नका करू. तर म्हणाले, आता कुणाला दाखवायचाय कागद, निदान पावसात भिजणार तरी नाय." मग भाबींनी ती गुणपत्रिका आणून माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्ही न्या. तिथे ऑफिसात दाखवा, की हे दहावी पास होते." मला तेव्हा रडू आलं आणि त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

साहेबांना मी ती दाखवली. त्यांनी दोन्ही हातांनी धरून नीट वाचली, खरंच हळहळले. "बहुत अच्छा आदमी था," म्हणाले, आणि सवयीने उलटून मागची बाजू पाहिली. "अटेस्ट नहीं कराया?"

मी ती परत घेतली आणि तशीच पंपहाऊसमध्ये गेले. तिथल्या भिंतीवर माझीच पानं टांगलेली आहेत, पंप सुरू कसा करायचा, जाळी कधी बदलायची. खारट दमट हवेत साधा कागद महिनाभरही टिकत नाही, म्हणून तिथलं प्रत्येक पान लॅमिनेट केलेलं असतं. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत भोकं पाडून मी ती गुणपत्रिका त्या पानांच्या रांगेत, सगळ्यांत पुढे टांगली. परवानगी घेतली नाही. माझा करार पुन्हा नूतनीकरणाला आला आहे, हे मला ठाऊक होतं. परवा मरियम पाळीवर आली. भिंतीपाशी थांबली, वरपासून खालपर्यंत वाचलं, गणिताच्या ओळीवर क्षणभर बोट ठेवलं. एक कोपरा सैल लोंबत होता. तिने खिशातून वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी काढली, भोकातून ओवली, करकचून आवळली आणि कामाला लागली.