अळीतले पांढरे जंत

माझी नोकरी राखली ती बार्शीटाकळीच्या अलीकडे कोबी लावणाऱ्या एका माळीणबाईंनी. हे आधीच सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं साहेबांनीच सांभाळून घेतलं.

मी तिसरीतून शाळा सोडलेला. कौंडण्यपूरकडचं घर, बायको, दोन लेकरं मागं ठेवून बार्शीटाकळीकडच्या एका सरकारी फार्मावर गडी म्हणून लागलो होतो, तेही तीन महिन्यांच्या बोलीवर. काम पटलं तर कायम, नाहीतर घरी. फार्माच्या साहेबांच्या बुटांचा आवाज आला की मी हातातलं काम दुप्पट जोरानं करायचो.

साहेबांना तेव्हा एक नाद लागला होता. कोबीवरच्या काही अळ्या खाणं सोडून मऊ पडत आणि त्यांच्या अंगातून सुतासारखा बारीक, बोटभर लांब पांढरा जंत निघे. अळी मरे, जंत ओल्या मातीत शिरे. हे जंत जगवून पुढच्या हंगामात वाफ्यांत सोडले तर अळ्यांचा बंदोबस्त तेच करतील, असं साहेब म्हणत. मडक्यांतल्या मातीत ते जगवायचं काम माझ्याकडे.

अशा अळ्या सापडायच्या फक्त त्या बाईंच्या वाफ्यांत. साहेबांनी त्यांना अळ्या मारायची मनाई केली; मऊ पडतील तेवढ्याच वेचून फार्मावर आणून द्यायच्या. मळा बाईंनी वाट्यानं केलेला; पीक प्रयोगापायी गेलं अशी चिठ्ठी मळ्याच्या मालकाला देतो म्हणाले. त्या भरवशावर बाईंनी डोळ्यांदेखत कोबीची चाळण होऊ दिली.

“सरकारले आता अळ्या बी पुरत नाही का, बापू?” त्या मला म्हणायच्या. “घेऊन जाय. माया लेकराईपेक्षा जास्त खाऊन राहिल्या.”

एका सकाळी मडक्यांना लाल मुंग्या लागलेल्या दिसल्या. आमच्या घरी वांग्यावर काही दिसलं की चुलीतली राख टाकायची. हात आपसूक गेला. जाड थर दिला, वर पाणी शिंपडलं, आणि शाबासकी मिळेल म्हणून मनात खूश झालो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माती उकरली. राखेच्या खारानं सगळे जंत आक्रसून पडलेले. एकही हलेना.

“राख कोणी टाकली?”

बाई नुकत्याच अळ्यांची टोपली घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“म्या टाकली जी. मुंग्या लागल्या होत्या. मले अडाणीले काय ठाऊक?”

“तुम्हाला हात लावायला सांगितलं कोणी? आता कसला प्रयोग आणि कसली चिठ्ठी!”

मी मडकी उचलून बाहेर निघालो. बाई मागोमाग बाहेर आल्यावर विचारलं, “काहून असं बोलल्या, मावशी?”

“तुयं काम गेलं असतं तं लेकरं काय खातील? मालकाले मी सांगून पाहतो. जाय, तोंड धू.”

मालकानं ऐकलं नाही. दिवाळीआधी मळा दुसऱ्याला दिला. त्याच आठवड्यात मी कायम झालो. धीर करून बाईंना भेटायला गेलो तर त्यांची झोपडी मोकळी. कोणी म्हणालं माहेरी गेल्या, कोणी म्हणालं लेकरं घेऊन मजुरीला.

आता माझी बदली याच प्रांतातल्या जबलपूरकडच्या सरकारी फार्मावर झाली आहे, घर आणखी लांब पडलं. पण रजा मिळाली की मी त्यांना शोधणार. त्या मालकापुढे उभं राहून चूक माझी होती हे सांगणार. मळा परत मिळाला नाही, तर जिथं त्यांना वाफा मिळेल तिथं एक अख्खा हंगाम त्यांच्या हाताखाली राबेन.