आमोसनं जोडलेला गोळा

“मी जोडलेलं सुटत न्हाई. आधी घरी इचारून या.”

तिसगावात आमोस वेल्डरच्या दुकानी फाटकाची बिजागरी घेऊन या, नाहीतर खाटेचा मोडका पाय घेऊन या, हे वाक्य ऐकल्याशिवाय त्याच्या हातातली वेल्डिंगची कांडी पेटत नसे. लोक हसत. बिजागरीसाठी बायकोला काय विचारायचं? आमोस मात्र हसत नसे. काळा चष्मा कपाळावर सरकवून तो समोरच्याकडे असा बघे, की माणूस खरंच घटकाभर विचारात पडे. त्याचा बाप मिशनच्या शाळेत सुतार होता. लाकूड चुकलं तर खिळा उपसता येतो, ही बापाची चैन. लोखंडात ती चैन नाही, हे आमोस लहानपणीच शिकला होता.

त्याला घाण चालत नसे. दुकान दोन वेळा झाडायचा. हातरुमाल घडी मोडून कधी वापरला नाही. आणि त्याच माणसाच्या दारात शहाण्णव सालच्या पावसाळ्यात गहिनीनाथची जीप येऊन उभी राहिली.

जीप कसली, चाकांवरचा उकिरडाच तो. मिलिटरीच्या लिलावातली, कितव्या तरी हाताची. बाजूच्या पत्र्यावर गुटख्याचे लाल ओघळ वाळून काळे पडलेले, पायाखाली कोंबड्यांची घाण, मागच्या बाकाखाली कुणाची तरी ओकारी मातीनं झाकलेली. तिच्याजवळून जाताना आमोस घडीचा रुमाल नाकाला लावी. तरी रोज सकाळी त्याची बायको मरिया त्याच जीपमध्ये बसायची. खिंडीपलीकडच्या वाडीत उपकेंद्र होतं, तिथं ती नर्स. एस.टी. खिंडीच्या अलीकडूनच माघारी फिरे. पुढं ओढा, काळा चिखल, चढण आणि गहिनीनाथ. दुसरं काही नव्हतं.

“आमोसभाऊ,” गहिनीनाथनं दुकानाच्या उंबऱ्यालगतच पिंक टाकली, “मागचा डिफरन्शियल येल्डिंग मारून टाक. गाडी ओढ्यात फसती.”

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला दातेरी गिअरांचा गोळा. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं, आतल्याला कमी. तेवढी सवड हा गोळा देतो. पण चिखलात एक चाक फसलं, की सगळं बळ त्या गरगर फिरणाऱ्या चाकालाच मिळतं आणि दुसरं ढिम्म बसतं. आतले गिअर एकमेकांना जोडून टाकले, तर दोन्ही चाकं बरोबरच फिरतात आणि जीप चिखलातून निघते. मात्र डांबरी वळणावरही ती बरोबरच फिरतात. मग जीपला वळायचंच नसतं. तिला सरळ जायचं असतं.

“पुढच्या चाकांना जोर हुता ना हिच्या? त्यो कुठं गेला?” आमोसनं विचारलं.

“ते सामान काढून इकलं. डिझेल लई खायचं.”

“पुढचं इकलं, आता मागचं मारायचं. मधी काय ठिवनार, देवाचा फोटो?”

जीपच्या बाकावर बसलेली लंकाबाई खुदकन हसली. ती वाडीतली, ऊसतोडीला जाऊन जाऊन हाडं मोकळी झालेली बाई. पण हसू ओसरल्यावर म्हणाली, “करा की, भाऊ. रोज आमी उतरून ढकलतो. सिस्टरबाईबी ढकलत्यात.”

“न्हाई,” आमोस म्हणाला. “रोजची मानसं न्हेनारी गाडी हाय ती.”

संध्याकाळी मरिया घरी आली, ती गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली. पायावर पाणी ओतता ओतता म्हणाली, “अहो, करून टाका ना ते काम. लंकाबाईची सून दिवसांवर आलीय. अडली तर खाली आणायला दुसरं काय आहे तिथं?”

 आमोसनं दुसऱ्यांना आयुष्यभर घरी विचारायला पाठवलं होतं. आज घरानं त्याला सांगितलं.

त्यानं अटी घातल्या. जीपचे मूळ गिअर खराब करायचे नाहीत; ते पोत्यात बांधून राहतील. जोडायचे ते आमोसच्या भंगारातले, कवचासकट. आणि तेल धुवायचं गाडीवाल्यानं, स्वतःच्या हातानं. तेलावर जोड धरत नाही, आणि ज्यानं स्वतः धुतलं तो नंतर ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणू शकत नाही, ही आमोसची रीत. गहिनीनाथ रॉकेलमध्ये हात बुडवून घासत राहिला. जुनं तेल सडक्या अंड्यासारखं घाणत होतं. मधेच त्यानं शेजारी पिंक टाकली, तिचे शिंतोडे भांड्यात उडाले. आमोसनं भांडं ओतलं आणि त्याला पुन्हा घासायला बसवलं.

मग गौऱ्यांच्या आरावर गोळा तापवला. जोड भरला. लोखंड एकदम निवून तडकू नये म्हणून चुलीच्या राखेत पुरून ठेवला. सकाळी राख झटकली, तर मुंग्यांची रांग चालावी तसा जोड उमटलेला. तिसगावात असा दुसरा निघाला नसता.

“वळनाला हळू,” आमोस म्हणाला. “आन् टायर नीट ठेव. डांबरावर कुरकुरंल, कुरकुरू दे.”

जीप ओढ्यातून निघू लागली. लंकाबाईच्या सुनेला वेळेत खाली आणलं, नातू झाला. दुकानासमोरच्या फाट्यावर वळताना मात्र टायर असे किंचाळत, की कुणीतरी डुकराचं पिल्लू धरलंय. आमोस तेवढा वेळ कानावर हात ठेवी. आणि एके दिवशी किंचाळणं थांबलं. आमोसला वाटलं, आला बाबा वळणावर. हळू वळायला शिकला.

पुढच्याच आठवड्यात, भुरभुरत्या पावसात, खिंडीतल्या वळणावर गहिनीनाथनं स्टिअरिंग फिरवलं आणि जीप सरळ गेली. बाभळी होत्या म्हणून अडकली, नाहीतर खाली दरी होती. मरियाचं मनगट मोडलं. लसीचा निळा डबा फुटून बाटल्या काट्यांत विखुरल्या.

दोन दिवसांनी ट्रॅक्टरनं ओढत जीप आमोसच्या दारात आणली. माणसं जमली. गहिनीनाथ मोठ्यानं म्हणाला, “तुजा जोड सुटला, आमोसभाऊ. सगळ्यांदेखत खोल.”

आमोसनं खोललं. जन्मात पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, की आपलं काम तडकलेलं निघावं. गोळा बाहेर आला. मुंग्यांची रांग जशीच्या तशी. त्याला स्वतःच्या हातांची शिसारी आली. मग त्याची नजर चाकांवर गेली. मागचे दोन्ही टायर हंड्याच्या बुडासारखे गुळगुळीत, पार गोटा झालेले.

“हे कधी घातले?”

“चांगले टायर झिजत हुते ना वळनाला,” गहिनीनाथ म्हणाला. आवाजात हुशारीचा तोरा अजून होता. “गोटा टायर कसे सरकत्यात, वरडत न्हाईत. डोकं लागतं.”

“आन् चिखलात?”

गहिनीनाथनं डोकं खाजवलं. लंकाबाईच बोलली, “चिखलात पुन्हा आमीच ढकलतोय की! आठ-धा दिस झाले.”

आमोसला हसू आलं नाही, रागही आला नाही. खरकट्यात हात पडल्यावर वाटतं तसं वाटलं. चिखलासाठी जोडलं, वळणासाठी गोटा टायर घातले, आणि शेवटी चिखलही गेला नि वळणही गेलं. त्यानं आतून मूळ गिअरांचं पोतं आणून बॉनेटवर ठेवलं.

“तुजं हे. गोळा माजा हाय.”

“आन् उद्या सिस्टरबाई कशानं जानार? चांगले टायर घालतो, हाय तसाच बसव!”

मरिया कडुलिंबाखाली प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून उभी होती. आमोसनं तिच्याकडे बघितलं. “गोळा नेऊ?” त्यानं विचारलं.

“न्या,” ती म्हणाली. “ढकलू आम्ही.”

गोळ्यावर बोल्टांनी बसवलेलं जीपचं मोठं दातेरी चक्र सोडवून त्यानं पोत्याशेजारी ठेवलं. राहिलेला गोळा उचलून खांद्यावर घेतला. काळं, घाणेरडं तेल त्याच्या धुतल्या सदऱ्यावरून कमरेपर्यंत ओघळलं. ते पुसायला तो थांबला नाही. दुकान उघडंच टाकून फाट्याकडून घराच्या वाटेला लागला.

“पाथर्डीत लई येल्डर हायेत!” गहिनीनाथ ओरडला. आमोसनं मान वळवली नाही.

मरिया बघत होती, लंकाबाई बघत होती. आणि गहिनीनाथही, तोंडातली पिंक तोंडातच धरून.