पुंगळीवरची चंद्रकोर

उडालेली पुंगळी कधी खोटं बोलत नाही, हे वाक्य मला दर दिवाळीत टिकल्यांच्या वासाबरोबर आठवतं. नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या आमच्या नेमबाजी क्लबात हत्यारं तपासणारे एक निवृत्त सुभेदार ते छातीवर हात ठेवून म्हणायचे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सराव करताना माझ्या पिस्तुलातून उडून फरशीवर पडलेल्या, काडतुसांच्या काही रिकाम्या पितळी पुंगळ्यांवर चंद्रकोरीसारखा खोल व्रण दिसला. सुभेदारांनी आमच्या पाठीमागं खाडखाड आणखी दोन येरझाऱ्या घातल्या, एक पुंगळी उजेडात धरली आणि निदान केलं, “गोळी बसते ते चेंबर आतनं फुटलंय. उद्या हे पिस्तूल चालवायचं न्हाय.” वर्षभराचा सराव पाण्यात गेला म्हणून मी तोंड पाडून बसलो. सराव बघायला हुपरीचा एक चांदी कारागीर आला होता. पैंजणांवर ठसे मारण्यात त्याचा जन्म गेलेला. त्यानं पुंगळी बोटांत फिरवली. “पावणं, ही दुसऱ्या अंगालाबी चपटी झालीया. खाली फरशी आणि वरनं लोखंड, असा मार हाय ह्यो.” मग तो वळला. “सुभेदारसाहेब, जरा पाय वर घ्या की.” साहेबांच्या लष्करी बुटाच्या टाचेला खिळे होते, एका बाजूनं झिजून चंद्रकोरीसारखे झालेले. पुंगळीवरचा व्रण त्यांतल्या एकाला चपखल बसला. ही जुळणी होईपर्यंत सुभेदार एका पायावर उभे होते. दुसऱ्या दिवशी मी स्पर्धेत उतरलो आणि शेवटून दुसरा आलो. पिस्तुलात काहीही दोष नसल्याचा सुभेदारांच्या सहीचा दाखला अजून माझ्याकडं आहे.