हाड भावाचं की लेकीचं

नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली. त्यांची सवय होते, आणि होत नसेल तर पोलिसानं दुसरं काम बघावं. पण एका कोरड्या विहिरीतून निघालेलं मांडीचं हाड मला अजून सोडत नाही. ते हाड एका म्हाताऱ्या बाईच्या भावाचं होतं की लेकीचं, एवढंच ठरवायचं होतं. माणसं ओळखू येतील असं काही लिहिणार नाही. जिल्हा धाराशिव, गाव लोहाऱ्याच्या बाजूचं, एवढं पुरे.

खबर आली ती सकाळी, हजेरी चालू असताना. ठाणे अंमलदारानं फोन माझ्या हातात दिला. पलीकडचा गडी घाबरलेला होता.

"साहेब, माजं नाव इचारू नका. हिरीतला गाळ काढताना माणसाची हाडं निघाल्यात. मालक म्हंतोय, जनावराची हायत, वढ्यात टाक. म्या जेसीबी बंद करून हुबा हाय. बिगीनं या."

नाव सांगणार नाही म्हणाला आणि जेसीबी आपलाच आहे हे सांगून बसला. गुप्त खबर देणारे बहुतेक असेच असतात. स्टेशन डायरीला नोंद केली आणि आम्ही निघालो.

विहीर जुनी, दगडी बांधणीची, कोरडी. गाळाखाली राखेचा जाड थर होता आणि त्यात हाडं. बहुतेक जळून भुगा झालेली, कवटीचे तुकडे हात लावताच चुरा होणारे. मांडीचं एक हाड तेवढं बरं होतं. पंच बोलावले, पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हाडं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "माणूस आहे, वयात आलेला आहे. बाई की पुरुष, ते यावरून सांगता येणार नाही."

शेत वाहणारा माणूस शेताचा खरा मालक नव्हता. मालक त्याचा चुलतभाऊ. तो आणि त्याची बायको त्याच शेतातल्या वस्तीवर राहत. काही वर्षांपूर्वी नवराबायको दोघंही दिसेनासे झाले. कर्नाटकात ऊसतोडीला गेले, तिकडंच राहिले, असं हा शेत वाहणारा सांगायचा. गावानं ते मानलं आणि त्यानं शेत धरलं.

गावात या दोघांचं जवळचं माणूस एकच होतं. साठीपुढची एक बाई. तिला मी मावशी म्हणत असे, इथंही तसंच म्हणतो. बेपत्ता बायको ही मावशीची लेक. आणि बेपत्ता नवरा हा मावशीचा पाठचा सख्खा भाऊ. आमच्या सीमेकडच्या काही घरांत मुलगी थेट मामाला देण्याची रीत आहे. जमीन घरात राहते, लेक परक्याच्या दारी जात नाही, असं लोक म्हणतात. मावशीनंही तसंच म्हणून लेक भावाला दिली होती.

गावानं एका दिवसात निकाल लावून टाकला. मामा दारू प्यायचा, हात टाकायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे त्यानंच भाचीला मारलं, जाळलं आणि पळाला. सुतावरून स्वर्ग गाठायला आमच्याकडं फार वेळ लागत नाही. खरं सांगायचं तर ठाण्यातही तेच बोललं जात होतं आणि मलाही ते पटत होतं.

हाड आणि मावशीच्या रक्ताचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं की नेहमीच्या पद्धतीनं डीएनए मिळत नाही. आगीनं आणि नंतर पाण्यानं त्याचे इतके बारीक तुकडे झालेत की जुळवायला काही उरलं नाही. वरिष्ठांची परवानगी काढून आम्ही तोच मुद्देमाल दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधन संस्थेकडं पाठवला. तिथं मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र होतं. बऱ्याच दिवसांनी अहवाल आला. हाड आणि रक्त एकाच मातृवंशाचं.

माझा दुय्यम अधिकारी खूश झाला. "सर, लेकच आहे. आता नवऱ्याला उचलायचं." मी म्हणालो, थांब. कोर्टात बचावाचा वकील पहिला प्रश्न विचारणार की हे यंत्र करतं काय, आणि तिथं मला खाली बघायची सवय नाही. म्हणून मी संस्थेतल्या शास्त्रज्ञ बाईंना फोन लावला. त्या मराठीच निघाल्या आणि समजावून सांगायचा कंटाळा नसलेल्या.

"साहेब, हे यंत्र म्हणजे काटा आहे," त्या म्हणाल्या. "डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो आणि प्रत्येक अक्षराचं वजन वेगळं असतं. आम्ही हाडातून मिळालेल्या बारीक तुकड्याच्या पुष्कळ नकला करतो, त्यांना विजेचा भार देतो आणि हवा काढून घेतलेल्या नळीतून सोडतो. हलका तुकडा आधी पोचतो, जड मागून. पोचायला लागलेल्या वेळावरून वजन कळतं आणि वजनावरून त्यात कोणती अक्षरं किती, ते कळतं."

"पण अक्षरांचा क्रम कसा कळतो?"

"नकला मुद्दाम अशा करायच्या की प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा एका अक्षरानं लांब. मग दर वेळी वजन कितीनं वाढलं ते बघायचं. जेवढं वाढलं, त्यावरून नवं अक्षर कोणतं ते ठरतं. असं एकेक करत वाचत जायचं. तुकडा लहान असला तरी चालतो, म्हणून जळक्या हाडाला ही पद्धत बरी."

आडतीवर पोती वजन करताना मी लहानपणापासून पाहिली आहेत, त्यामुळं हे मला चटकन समजलं. मग त्या म्हणाल्या, "आम्ही वाचलेला डीएनए फक्त आईकडून येतो. आईचा मुलांना, मुलींचा पुढं त्यांच्या मुलांना. त्या बाईंचा आणि हाडाचा तंतोतंत एक आहे."

"बाईच्या सख्ख्या भावाचाही तोच असेल?"

"अर्थात. एकाच आईची लेकरं. पण भावाचा इथं संबंध काय? तुमच्या पत्रात मुलगी आणि जावई बेपत्ता आहेत."

"मॅडम, जावई हाच भाऊ आहे."

पलीकडं कागद वाजला, पत्र त्यांनी पुन्हा वाचलं असावं. मग त्या हळूच म्हणाल्या, "मग या अहवालावरून दोघांपैकी कोण, ते मी सांगू शकत नाही." दुसरीकडं कुठंही नवरा आणि बायको यांचा हा डीएनए वेगळा निघाला असता. आमच्या रीतीनं तो एकच करून ठेवला होता.

एक मार्ग होता. बाई आणि पुरुष यांच्यात फरक असलेला डीएनएचा एक छोटा भाग असतो. बाईत त्याचं एकच वजन भरतं, पुरुषात दोन. पण तो मिळणं कठीण, हाडात सापडला नव्हता. दाढ मिळाली तर आत टिकून राहण्याची शक्यता जास्त. आम्ही पुन्हा विहिरीत उतरलो आणि काढलेला सगळा गाळ माती चाळायच्या चाळणीतून काढला. एक दाढ सापडली. पुन्हा पंच, पुन्हा पंचनामा, पुन्हा सील.

हे मावशीला सांगणं माझं काम होतं. ती ठाण्याच्या व्हरांड्यात पदर डोक्यावर घेऊन बसली होती. तोवर तिनं लेकीच्या नावानं रडून घेतलं होतं आणि भावाचं नाव टाकलं होतं. मी जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं की हाड लेकीचं असेल किंवा भावाचं.

"म्हंजे, दोगातलं एक जितं असंल?"

"असू शकतं, मावशी."

तिनं पदर नीट केला. मग म्हणाली, "कदी कळंल?"

"पंधरा दिवस, महिना."

"लई घाई करू नगा साहेब. तुमी सांगंस्तवर दोगं बी हायेत मला. लेक जिती निगाली तर भाऊ गेला, आन त्यो तिच्या हातनं गेला. भाऊ जिता निगाला तर लेक त्याच्या हातनं गेली. म्या काय मागू देवीआईला? नवस तरी कशाचा बोलू?"

मी चहा मागवला, तो तिनं घेतला नाही.

दाढेचा अहवाल आला. मातृवंश तोच, आणि वजनं दोन. विहिरीत मामा होता.

सगळा तपास तिथं उलटा फिरला. शेत धरलेल्या चुलतभावाची चौकशी आम्ही आधीही केली होती, पण तो ताकास तूर लागू देत नव्हता. दर वेळी तेच, "ऊसतोडीला गेले, मला काय म्हाईत?" या खेपेला मी त्याला काही विचारलंच नाही. समोर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "विहिरीतला तुझा भाऊ आहे. बाई मेलेली नाही. हाडं ओढ्यात टाकायला तू सांगितलंस, शेत तू धरलंस. आता खून कोणाच्या अंगावर येतो, तुझं तू बघ." लबाड माणूस मारानं बोलत नाही, हिशेब चुकल्यावर बोलतो, हा माझा अनुभव आहे. त्याला घाम फुटला.

"साहेब, म्या न्हाय मारलं. हिरीत काय हाय ते मला ठावं असतं तर म्या गाळ काढला असता का?"

"मग दडवतोस काय?"

"तिला बघितलं म्या. तुळजापुरात. एका लॉजमदी भाकरी थापत व्हती. मला बघून पदर वढला तिनं."

"मग आम्ही तिला मेलेली धरून चाललो होतो तेव्हा गप्प का बसलास?"

"जिती हाय म्हणलं तर उंद्या येऊन शेत मागंल की."

एका आईला लेकीचं सुतक धरायला लावून हा गप्प बसला होता. मला असा संताप क्वचितच आला असेल. हात मागं बांधून मी बाहेर गेलो.

महिला अंमलदाराला घेऊन आम्ही तुळजापूरला गेलो. लॉजच्या मागच्या स्वयंपाकघरात ती तव्यासमोर होती. आम्हाला पाहून पळाली नाही. तव्यावरची भाकरी उलटली, ती भाजून घेतली, चूल विझवली आणि म्हणाली, "चला." जबाब देताना तिला फारसं विचारावं लागलं नाही.

भर दुपारी तो प्यायलेला, कुऱ्हाडीचा दांडा घेऊन तिच्या मागं लागला. ती विहिरीच्या कडेनं पळाली. त्याचा पाय घसरला आणि तो आत पडला. पाय मोडला असावा. खालून हाका मारू लागला.

"काय म्हणत होता?" मी विचारलं.

"म्हनायचा, अगं पोरी, मामा हाय मी तुजा, दोर टाक." एवढं बोलून तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "मारताना नवरा असायचा साहेब. हिरीत पडल्यावर मामा झाला."

तिनं दोर टाकला नाही. कडेला बसून राहिली. हाका बंद झाल्यावरही बसून राहिली. मग भीती शिरली. तुराट्यांची गंजी होती, ती पेंढीपेंढीनं आत टाकली, काडी लावली आणि निघून गेली.

ठाण्यात मायलेकींची गाठ पडली. मावशीनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग बाजूला होऊन भावासाठी मोठ्यानं रडली. एकाच खोलीत दोन्ही केलं. लेक मान खाली घालून उभी होती. आमचे अंमलदार उगाच कागद चाळत होते.

खटल्यात मावशी सरकारी साक्षीदार होती, कारण तिच्याच रक्तावर ओळख पटली होती. शास्त्रज्ञ बाईंनी दोन वजनांचा अर्थ कोर्टाला सांगितला, तो उलटतपासणीत टिकला. मग मावशी पिंजऱ्यात आली. सरकारी वकिलांनी विचारलं, मयत तुमचा कोण? "पाटचा भाऊ." आरोपी तुमची कोण? "लेक." एवढंच विचारायचं होतं. पण ती खाली उतरेना. न्यायाधीशांकडं वळून म्हणाली, "अजून एक लिवून घ्या साहेब. लेक मार खाऊन माज्या दारात दोन-तीन बारी आली व्हती. दर बारीला म्याच माघारी धाडली. मामाचंच घर हाय, परकं हाय व्हय, म्हणून." वकील हरकत घ्यायला उठले आणि तसेच खाली बसले. न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला लावलं.

खून शाबीत झाला नाही. पुरावा नष्ट केल्याची शिक्षा झाली.

आता निवृत्त आहे. नव्या भरतीतल्या पोरांसमोर बोलायला कधी बोलावतात तेव्हा हेच प्रकरण सांगतो. यंत्र खोटं बोलत नाही, पण आपण विचारू तेवढंच सांगतं. म्हणून आधी घर समजून घ्या, कोणाची लेक कोणाला दिली ते विचारा, मग नमुना पाठवा. पोरं माना डोलावतात. पुढचं मात्र मी त्यांना अजून सांगू शकलेलो नाही.

निकालानंतर तिला तुरुंगात नेण्यापूर्वी मी तिला विचारलं होतं, "आईनं परत पाठवलं, मान्य. पण ठाणं गावापासून लांब नव्हतं. तू एकदा तरी आमच्याकडं का आली नाहीस?"

ती रागावली नाही. लहान मुलाला समजावतात तसं म्हणाली, "आले असते की साहेब. तुमी चार माणसं बोलावली असती, त्याला दम दिला असता, आन मला म्हनला असता, जा बाई, मामाचंच घर हाय."

 अगदी हेच शब्द मी किती बायकांना ऐकवले असतील, ते आठवत उभा राहिलो. तोवर व्हॅन निघून गेली.