डबीतला दुसरा डायोड

समजा, तुमच्यासमोर एक बेंजो आहे आणि त्याचा आवाज तुम्हाला फाडायचा आहे. फाडायचा म्हणजे बिघडवायचा नाही. वरातीत ढोल-ताशांच्या डोक्यावरून चिरत जाईल, गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत घुसेल, असा करायचा. तारेखाली बसवलेल्या, तिचं कंपन पकडणाऱ्या पिकअपमधून येणारी वीज अगदी क्षीण असते, लाटेसारखी वरखाली होणारी. आधी ट्रान्झिस्टर लावून ती लाट मोठी करा. मग तिचा माथा छाटा. माथा छाटायला डायोड. धरणाचा सांडवा आठवा. ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडून राहतं, त्यापुढचं सांडव्यावरून निघून जातं. डायोडही अर्ध्या-पाऊण व्होल्टपर्यंत गप्प बसतो आणि त्यावरची वीज अर्थिंगला सोडून देतो. लाटेचा माथा सपाट होतो, आणि अशी लाट कानाला फाटलेली लागते. एक डायोड सुलटा, लाटेच्या वरच्या अंगासाठी. एक उलटा, खालच्या अंगासाठी. पाच-सहा वस्तूंचं काम.

आता समजा, हे सगळं बरोबर करूनही तो आवाज येत नाही.

सोनईची वृषाली गेल्या वर्षी तीन महिने इथेच अडकली होती.

तिचे वडील जालिंदर, सगळ्यांचे आप्पा, स्टँडजवळच्या टपरीत तीस वर्षं अॅम्प्लिफायर आणि मंडपवाल्यांचे भोंगे दुरुस्त करत. घोडेगावचा भीमाकाका त्यांचा जुना दोस्त, बेंजो पार्टीवाला. त्याच्यासाठी आप्पांनी वीस वर्षांपूर्वी एक डबी बनवली होती, साबणाच्या वडीएवढी, पत्र्याची. बेंजोची वायर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. भीमाकाकाची पार्टी कुठे वाजते आहे हे लोक त्या डबीच्या आवाजावरून लांबूनच ओळखायचे. लग्नाच्या सुपाऱ्या त्या आवाजावर यायच्या, आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तर दुसरी पार्टी कुणी विचारतच नसे.

अशी डबी बनवणारे दोन कामं न चुकता करतात. प्रत्येक पार्टवरचा नंबर पॉलिशपेपरने घासून काढतात, आणि नळाची गळती बुजवायचा काळा लगदा आत ओतून सगळं दगडासारखं करून टाकतात. कुणी नक्कल करू नये म्हणून. डबी उघडायला गेलं की आतलं तुटतं. आप्पांनीही तेच केलं होतं, आणि कागदावर रेघसुद्धा ओढली नव्हती.

वृषालीने लहानपणी विचारलं होतं, "आप्पा, आत काय हाय?"

"तुला कशाला? उद्या लग्न करून जाशील, डबी सासरी नेशील."

ती कुठेच गेली नाही. आज एकोणतीस वर्षांची आहे. त्याच टपरीत अर्ध्या काउंटरवर मोबाईलचे चार्जिंग जॅक बदलते.

आप्पांना अर्धांगवायू झाला तेव्हा उजवं अंग गेलं आणि भाषाही गेली. एकच शब्द शिल्लक राहिला. डॉक्टर म्हणाले, बोललेलं त्यांच्यापर्यंत अर्धंमुर्धं पोचतं, त्यांचं उत्तर धरून चालू नका.

भीमाकाका भेटायला यायचा. "जयभीम आप्पा. जेवला का?"

"व्हय."

"न्हाई जेवला?"

"व्हय."

"चला, निदान आता माझ्याशी भांडत तरी न्हाई," असं म्हणून भीमाकाका हसायचा. मग बाहेर ओट्यावर बराच वेळ तंबाखू मळत बसायचा.

जानेवारीत एका वरातीत डबी मेली. भर रस्त्यात बेंजो साध्या, पातळ आवाजात वाजायला लागला आणि नाचणारी पोरं थांबली. भीमाकाका दुसऱ्या दिवशी डबी रुमालात गुंडाळून घेऊन आला.

"पोरी, एवढी चालू कर."

"मला जॅक बदलता येतात, काका. हे न्हाई येत."

"मग शीक. तुझ्याशिवाय हाय कोण? पार्टीतली पोरं कीबोर्ड घ्यायचं म्हणत्यात. जयंतीपर्यंत थांबा म्हणालोय. एकदा कीबोर्ड आला, की बेंजो पेटीत गेला म्हणून समज."

बेंजो पेटीत गेला तर तो आवाजही गेला. आणि आप्पांच्या तीस वर्षांतलं दुसरं काहीच उरलेलं नव्हतं. दुरुस्त केलेले भोंगे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

ती शिकली. मोबाईलवर व्हिडिओ बघून, वहीत आकृत्या काढून. ट्रान्झिस्टरचे तीन पाय, कंडेन्सर कशाला, रेझिस्टन्स बदलला की काय होतं. डायोड उलटा लावून तिने दोनदा चूक केली आणि त्या चुकीतूनच सांडव्याचं गणित तिला कळलं. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला तीन वर्षं घालवली, पण डायोड मला नीट समजला तो तिच्या वहीतून.

पहिली डबी फेब्रुवारीत तयार झाली. भीमाकाकाने बेंजोच्या तारांवर वाजवायची पट्टी फिरवली.

"हा तर डास हाय."

तिने कंडेन्सर बदलले.

"आता डास लई मोठा झाला."

तिसऱ्या डबीत तिने आप्पांच्या अडगळीतल्या रेडिओमधले जुने डायोड काढून लावले. भीमाकाकाने पूर्ण गाणं वाजवलं, मग पट्टी खाली ठेवली. "ग्वाड हाय. पण आप्पाचा न्हाई."

खरा परीक्षक खाटेवर होता. भीमाकाकाच्या मोबाईलमध्ये जुन्या मिरवणुकीचं रेकॉर्डिंग होतं. ते लावलं की आप्पांच्या डाव्या हाताचं बोट खाटेच्या लोखंडी दांडीवर ठेका धरायचं. दर वेळी, न चुकता. वृषालीच्या तिन्ही डब्यांना ते बोट हललं नाही. ती विचारायची, "आप्पा, जमलं का?" ते म्हणायचे, "व्हय." बोट दांडीवर तसंच पडलेलं.

मार्च संपत आला तेव्हा तिने जुनी डबी फोडायचं ठरवलं.

मोबाईलची चिप काढायच्या गरम हवेच्या गनने लगदा थोडा थोडा मऊ करायचा आणि ब्लेडने खरवडायचा. दोन दिवस लागले. ट्रान्झिस्टर तुकड्यांत निघाला. रेझिस्टन्सवरचे रंगाचे पट्टे आप्पांनी इतके घासले होते की प्रत्येक रेझिस्टन्स मीटरनेच मोजावा लागला. खाली दोन डायोड होते, एक सुलटा, एक उलटा. तिच्या डबीत होते तसेच. तिला रडू आलं.

मग तिने भिंग लावून पाहिलं. उलट्या डायोडचा एक पाय सर्किटच्या पट्टीच्या भोकात होता, भोवती सोल्डरही होतं, पण सोल्डरने पाय धरला नव्हता. मध्ये केसाएवढी फट होती, आणि त्या फटीत काळा लगदा शिरला होता. म्हणजे फट फोडताना पडलेली नव्हती. लगदा ओतला त्या दिवशीही ती होती. हा डायोड जन्मापासून जोडलेलाच नव्हता.

वीस वर्षं लाटेचं वरचं अंग छाटलं जात होतं आणि खालचं मोकळं होतं. सगळा आवाज त्या लंगडेपणात होता.

तिने तिसऱ्या डबीतल्या उलट्या डायोडचा एक पाय कापला. भीमाकाकाला बोलावलं. खोलीत बेंजो वाजला, आणि पहिल्या ओळीलाच आप्पांचं बोट दांडीवर पडलं. मग पुन्हा. मग ठेका लागला.

भीमाकाकाचा वाजवता हात थांबला. "हाच. पोरी, हाच की गं!" जरा वेळाने, खालच्या आवाजात, "आता हिलाबी लगदा भर. नंबर घास. घोडेगावात चार पार्ट्या टपून बसल्यात."

"न्हाई भरनार."

"येडी हायेस का?"

"आप्पांनी भरला, काका. काय झालं ते बघितलं ना?"

भीमाकाकाने आप्पांकडे बघितलं आणि पट्टी पुन्हा उचलली.

जयंतीला डबी वाजली. कीबोर्ड पुढच्या हंगामावर गेला. पण मे महिन्यात आप्पांना दुसरा झटका आला. आता रेकॉर्डिंग लावलं तरी बोट हलत नाही. "व्हय"सुद्धा गेलं.

वृषालीने सर्किटचा कागद काढून डबीच्या झाकणाखाली चिकटवला आहे. प्रत्येक पार्टचा नंबर आणि माप लिहिलं आहे. दुसऱ्या डायोडपुढची जागा मात्र कोरी आहे. मी गेलो तेव्हा तिने झाकण उघडून ती जागा दाखवली. "नक्कल करनाऱ्याला फसवायला पाय सोडला असेल, तर हे आप्पांचं डोकं. सोल्डर धरलं न्हाई आनि त्यांना कधी कळलंच न्हाई, तर वीस वर्षं ते एक चूक कुलपात ठेवत हुते. मी तिथं काय लिहू?"

शब्द होता तोवर ती रोज विचारायची. मुद्दाम सोडला? व्हय. राहून गेला? व्हय. आताही टपरी बंद करून घरी आली की ती खाटेशेजारी बसते, डबी त्यांच्या डाव्या हाताखाली ठेवते आणि तेच विचारते.

"आप्पा, तो पाय तुमी सोडला हुता, का सुटला हुता?"