सुएझला उतरायचा बेत

"खुर्चीवर बसायचे पैसे? नुसतं बसायचे?"

माझा शेजारी एवढ्या मोठ्यानं ओरडला की समोरच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या तीन खिडक्या उघडल्या. ड्यूटीला निघालेला एक सायकलवाला, आपल्यालाच कोणी हटकलं असं समजून, पाय टेकून उभा राहिला.

मी शांतपणे पान उलटलं. "डेकवरच्या खुर्चीचे. पूर्ण प्रवासाचं भाडं एकदम भरा लागते."

"अन् उभं राहिलं तं?"

"ते पुढच्या पानावर असेल."

पुस्तक माझ्या हातात होतं, त्याच्या नाही. ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. गुळगुळीत कागदाचं, बोटीच्या चित्राचं ते इंग्रजी माहितीपुस्तक मिळालं होतं त्याला, पण वाचता येत होतं मला. शेजारी भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला. लोखंडाची लालभडक सळई नुसत्या रंगावरून किती तापली ते सांगायचा, पण त्याचं इंग्रजी स्विचबोर्डावर लिहिलेलं असतं तेवढंच. माझ्या इंग्रजीबद्दल मी आपल्या तोंडानं काय सांगू? आमच्या फोरमननं एकदा रजेचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला, तर साहेबानं मागितल्यापेक्षा दोन दिवस जास्त दिले.

आम्ही दोघं पोलाद कारखान्यातल्या एकाच मिलमध्ये, एकाच हुद्द्यावर, वसाहतीच्या सेक्टर सहामध्ये भिंतीला भिंत लावून राहणारे. कारखाना तेव्हा अर्धा उभा होता आणि अर्धा लाकडी पेट्यांत यायचा होता. पेट्यांतली यंत्रं रशियाची, म्हणून ती चालवायला शिकायला माणसं रशियाला जायची. आधीचे सगळे विमानानं गेले. या वेळची तुकडी मात्र, कोणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, बोटीनं जाणार होती: मुंबई, एडन, सुएझ, पोर्ट सैद आणि तिथून रशियाचं बंदर. यादीत नावं दहा. दहावं शेजाऱ्याचं. त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली राखीव म्हणून माझं. दहा आणि अकरामध्ये किती अंतर असतं ते गणिताच्या मास्तरला विचारू नका, मला विचारा. अख्खा अरबी समुद्र असतो.

दुर्गच्या शिंप्यानं त्याच्या गरम कोटाचं माप घेतलं तेव्हा घाम मला आला. लोखंडी पेटीवर त्यानं पांढऱ्या रंगानं आपलं नाव लिहून घेतलं, त्या रंगाच्या वासानं माझं आठ दिवस डोकं दुखलं. येणारे-जाणारे त्याच्या दारात थांबून बोटीचं चित्र पाहायचे आणि मग माझ्याकडे वळून विचारायचे, "तुमचं काय झालं?" जसं काही मी नापास झालो.

ज्याला जायचं नसेल त्यानं शनिवारपर्यंत ऑफिसात लिहून द्यायचं होतं. एकानं नाही म्हटलं की रेघेखालचा वर. आणि सोमवारी शेजारी स्वतःच्या पायानं माझ्या घरी आला, पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "भाऊ, वाचून सांगा बरं काय काय खर्च आहे ते. सरकार हातावर मोजके पौंड देऊन राहिलं."

आता सांगा, मी माणूस आहे की देव?

खुर्चीचं खरोखरच छापलेलं होतं. कपडे धुवायचं, थंड पेयांचं, खोली झाडणाऱ्याला बक्षीस द्यायचं, आणि बोट खोल पाण्यात उभी राहिली तर किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या लाँचचं, हेही होतं. एवढ्यावर थांबलो असतो तर मी सज्जन ठरलो असतो. पण छापील ओळींच्या मधे जागा फार सोडली होती. मी त्या भरल्या. गोड्या पाण्यानं आंघोळ केली तर वेगळे पैसे, बादलीवर. दुर्बिणीतून पाहिलं तर वेगळे. दुर्बीण नसली तरी, समुद्र सावलीत बसून पाहिला तर सावलीचे. बोट लागून उलटी झाली तर पहिली फुकट, दुसरीपासून पावती. शेजारी पेन्सिल चाटून एकेक लिहून घेत होता. उलटीशी आल्यावर त्याचा हात थांबला.

"हे तं लय झालं," तो म्हणाला. "माणूस मरून राहिला अन् हे पावती फाडून राहिले."

बुधवारी तो म्हणाला, विचार करतो. गुरुवारी म्हणाला, नाहीच जात बा. मी घरी आलो, माळ्यावरची माझी पेटी काढली आणि बायकोला ती उन्हात ठेवायला सांगितली.

शुक्रवारी वहिनी आल्या, म्हणजे शेजाऱ्याची बायको. एरवी त्या माझ्याशी दारामागूनच बोलायच्या. त्या दिवशी नवऱ्याचा कागद घेऊन सरळ आत आल्या आणि माझ्या बायकोसमोर मांडी घालून बसल्या. मागोमाग शेजारीही येऊन उंबऱ्यावर टेकला. कागदावरच्या एकेका खर्चाला उत्तर त्यांनी रात्रीतून शोधून ठेवलं होतं. खुर्ची भाड्यानं कशाला, सतरंजी नेतील. धोब्याला कशाला द्यायचे, साबणाची वडी आणि दोरी दिली की झालं. भुकेला सातू, चिवडा, जवसाची चटणी. उलटीसाठी आवळा वाळवून देते, म्हणजे पहिलीसुद्धा होणार नाही. माझी बायको तर अशी उठली जशी तिच्याच माहेरचं कार्य आहे. चिवड्याला पोहे आमच्या डब्यातले निघाले. दोरी आमच्या अंगणातली, चांगली पिळाची, मी स्वतः हथखोज गावाच्या बाजूच्या एका दुकानातून आणलेली. तिनं ती माझ्या डोळ्यांदेखत सोडली. माझी दोरी सुएझ पाहायला निघाली होती आणि मी सेक्टर सहामध्येच.

अजून एक दिवस बाकी होता. मी शेवटचं पान काढलं. सुएझला बोट कालव्यात शिरायची वाट पाहते, मग कालव्यातून हळूहळू जाते. तेवढ्यात उतारूंना मोटारीनं कैरोला नेऊन पिरॅमिड दाखवायचे आणि पोर्ट सैदला परत बोटीत बसवायचं, अशी कंपनीची सोय होती. त्याचा आकडा मी जसाच्या तसा वाचला. जन्मात पहिल्यांदा छापील आकडा माझ्या आकड्यापेक्षा मोठा निघाला.

"पिरॅमिड म्हंजे काय जी?" वहिनींनी विचारलं.

मी सांगितलं. थोडं वाढवून सांगितलं असेल. आपली पहिली भट्टी आहे ना, तशा चाळीस भट्ट्या एकावर एक रचल्या आणि वरून दगड बसवले, की लहानसा पिरॅमिड होतो.

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "एवढ्या दूर जाऊन राहिले तं पाहूनच या. कंपनीच्या मोटारीनं नाही तं आपल्या आपण जा."

इथे मी म्हणायला हवं होतं, की ते होत नाही, बोट सुटून जाईल, परक्या देशात अडकाल. सगळं जिभेवर होतं. पण मी बोललो ते वेगळंच. मी म्हणालो, "आपल्या आपण होते. खडू आणा."

आमच्या फरशीवर मी कालवा काढला. बोट त्यातून किती सावकाश जाते ते समजावलं: आपल्याकडे लोखंडाचा रस भरलेली गाडी रुळांवरून सरकते तशी, सांडू नये म्हणून. म्हणजे वेळ भरपूर. सुएझ ते कैरो किती, तर दुर्ग ते गोंदिया. कैरो ते पोर्ट सैद, दुर्ग ते भंडारा समजा. तुकडीतले तिघं सोबत घ्यायचे, चौघांत एक भाड्याची मोटार, भाडं बसायच्या आधी ठरवायचं आणि निम्मंच आधी द्यायचं. पाणी बोटीवरून न्यायचं. उंटावर बसायचं नाही. उंटवाला चढायचे पैसे थोडे घेतो आणि उतरायचे मनाला येतील ते. हे मला एका मुंबईच्या फिटरनं सांगितलं होतं, आणि माझ्या आयुष्यात मी न वाढवता सांगितलेली ही एकमेव गोष्ट. कैरोहून पोर्ट सैदला दुपारची आगगाडी धरायची, संध्याकाळची नाही, म्हणजे गाडी चुकली तरी हातात एक गाडी राहते. परतीचे पैसे वेगळे, कोटाच्या आतल्या खिशात, आणि खिशाला टाके. वहिनींनी तिथल्या तिथे सुईत दोरा ओवला.

शेजारी लिहून घेत होता. मी बोलत होतो, आणि बोलता बोलता कोट माझ्या अंगावर होता, वाळू माझ्या बुटात होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, गाड्यांच्या काही वेळा तपासायच्या राहिल्या होत्या. मोटार बंद पडली तर काय, तुकडीतला कोणी हरवला तर किती वेळ शोधायचा आणि कधी सोडून द्यायचा. मी खडूनं पोर्ट सैदचा धक्का काढत होतो तेव्हा माझ्या बायकोनं आतून विचारलं, माळ्यावरची पेटी परत वर ठेवायची का. शनिवार होता, ऑफिस बंद होऊन तास झाला होता. शेजाऱ्यानं काहीच लिहून दिलं नव्हतं. त्याला आठवणसुद्धा करून द्यायची मी विसरलो होतो.

दुर्गच्या स्टेशनवर हार घालताना सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. तेवढं तरी माझं.

मग महिने गेले. रशियाहून एक पत्र आलं: सुखरूप पोचलो, थंडी लय आहे, दोरी कामात आली. पिरॅमिडबद्दल अक्षर नाही. लोक मला विचारू लागले, कारण बेत माझा होता हे अख्ख्या लाइनीला माहीत होतं. आधी मी एवढंच म्हणालो, की गेला असेल. मग म्हणालो, गेला. दिवाळीपर्यंत तो वर चढला होता. संक्रांतीला त्याला टोकावर बसून चिवडा खाताना एका अरबानं पाहिलं, आणि अरबानं मूठभर मागून घेतला. होळीच्या सुमारास एका उंटवाल्याला त्यानं उतरायचे पैसे न देता खाली उतरून दाखवलं होतं आणि उंटवाला त्याच्या पाया पडला होता. बायका तोंडाला पदर लावून ऐकायच्या. वहिनी तर डोळे पुसायच्या. आणि गोष्ट संपली की मी घरी येऊन पाण्याचा तांब्या आपटायचो. मीच रचलेलं, मीच सांगितलेलं, आणि जळणारासुद्धा मीच. त्या टोकावर बसायचं होतं मला, चिवडा आमच्या घरचा होता, आणि खाऊन आला तो.

तो परत आला तेव्हा गरम कोट घालूनच उतरला, भर उन्हात. संध्याकाळी त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चहा झाला, रशियाचा बर्फ झाला, आणि मग कोणीतरी म्हटलं, आता पिरॅमिड सांगा, अरबानं चिवडा मागितला ते सांगा.

शेजाऱ्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी अंगणातल्या कुंपणाकडे पाहिलं. कुंपण फार चांगलं बांधलं होतं.

"हो," तो म्हणाला. "मोठा आहे. अन् अरबानं मूठभर नाही, दोन मुठी घेतला."

लोक खूश होऊन गेले. वहिनी कप उचलायला आत गेल्या. मी तिथेच बसून राहिलो. वर्षभर आत साठलेलं होतं ते आता विचारल्याशिवाय माझ्यानं उठवेना. मी म्हटलं, "आता खरं सांगा. कसा दिसते तो, जवळून?"

"मले काय मालूम. सुएझले कोणीच उतरलं नाही. सगळ्यायचे पासपोर्ट तुकडीच्या साहेबाजवळ होते, त्यानं दिलेच नाही. दिवसभर बोटीच्या कठड्याशी उभे राहून वाळू पाह्यली."

एवढ्या बेतात, एवढ्या खडूत, पासपोर्ट कोणाच्या खिशात राहील हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. वर्षभर मी कशावर जळत होतो, याचा हिशेब लागायला मला थोडा वेळ लागला.

"मंग मघाशी सगळ्यांसमोर 'हो' कावून म्हणालात?"

"तुमी सांगून ठेवलं होतं ना," तो म्हणाला.